सहीवाली बाई

अक्कलकोट रोडवरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ती एकदाच आली. उजव्या हाताला पट्टी होती. टॉवेल कापायच्या मशिनीत दोन बोटं गेली, असं तिनं सहज सांगितलं. विम्याच्या दवाखान्यासाठी कारखान्यानं दिलेले कागद ती डाव्या हातानं सरळ करून पुढं ठेवत होती.

"काय लिवलंय, वाचून दावा की दादा."

एक कागद सुरक्षा समितीच्या बैठकीचा होता. 'सर्व मशिनींना संरक्षक जाळ्या आहेत. कामगारांची तक्रार नाही.' खाली कामगार प्रतिनिधी म्हणून, दवाखान्याच्या कागदावर होतं तेच, तिचं नाव होतं, आणि सही. मी सगळं वाचून दाखवलं. असले कागद मी रोज छापतो, वाचत कधीच नाही.

"मावशी, ही सही तुमची?"

"मला सही येत न्हाय. मी अंगठा लावते. प्रतिनिधी म्हंजे काय?"

"कामगारांच्या वतीनं मालकाशी बोलणारा माणूस. तसा कायदाच आहे."

तिनं त्या सहीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं.

"मंग जाळी न्हाय म्हणून मीच बोलायचं हुतं व्हय?"

तिनं त्या कागदाच्या दोन प्रती मागितल्या, घड्या घालून कमरेला खोचल्या.

"दवाखान्यात उद्या जाईन. त्या मशिनीवर काल दुसरी बाई उभी केलीय. आदी तिला तिथनं बाजूला करते."