तिसरा उंदीर

तळेगावजवळ आंबीच्या लॅबमध्ये मी उंदरांचे पिंजरे धुवायला होते. समुद्राकडून बर्फात घातलेले शिंपले तिथं तपासायला यायचे. समुद्रात कधी कधी विषारी शेवाळ वाढतं, ते शिंपल्यांच्या पोटात जातं. शिंपल्याला काही होत नाही, खाणारा माणूस मरू शकतो. त्या विषाला वास नाही, चव नाही, शिजवलं तरी ते जात नाही. आता तिथं मशीन आलं आहे. तेव्हा उंदीर होते.

शिंपल्यांचं मांस वाटायचं, ॲसिड घालून उकळायचं, गार झालं की त्याचं पाणी तीन उंदरांच्या पोटात टोचायचं. सुई टोचली की घड्याळ चालू, शेवटचा श्वास गेला की बंद. उंदीर जितका लवकर मरेल तितकं विष जास्त. पण शेवटचा श्वास ओळखणं सोपं नसतं. उंदीर निपचित पडतो, गेला असं वाटतं, आणि पुन्हा तोंड उघडतो. माझी नजर त्यात बसली होती, म्हणून साहेब मलाच घड्याळ घेऊन बसवायचे.

टोचायचं काम एक नवीन मुलगी करायची. वडिवळ्याची, कॉलेज शिकलेली. तीन महिने काम बघून तिला पक्की करणार होते. नाही केली तर दिवाळीनंतर तिचं एका बिजवराशी लग्न, असं तिच्या घरी ठरलं होतं. येता-जाता ती मला सांगायची, एवढे पंधरा दिवस निघाले की मी सुटले.

त्या दिवशी दोन उंदीर पाच मिनिटांनंतर गेले. तिसरा टोचल्यापासून दुसऱ्याच मिनिटाला लोळायला लागला. मागचे पाय गेलेले, पुढच्या पायांनी तो कोपऱ्याकडे सरकत होता. पुढं तो काय काय करणार हे मला पाठ होतं. साहेब फोनवर होते, मुलगी पाठ करून सुया टाकत होती. मी पिंजऱ्यात हात घातला, अंगठ्यानं त्याची मान दाबली आणि घड्याळ बंद केलं. असे कितीतरी उंदीर मी बघितले होते. त्याच दिवशी हात का गेला, ते मला अजून सांगता येत नाही.

साहेबांनी वेळा लिहिलेला कागद बघितला. दोघं पाचच्या वर आणि हा दोनवर कसा, असं म्हणून त्यांनी मुलीला सगळ्यांसमोर बोलावलं. सुई पोटात न जाता नसेत गेली की उंदीर असा लगेच मरतो, हे तुला किती वेळा शिकवायचं, असं विचारलं. ती म्हणाली, पोटातच टोचली होती.

"हे हात भात लावायला बरे आहेत," साहेब म्हणाले. "सुई कशाला धरतेस?"

दोघं-तिघं हसले. मग साहेब माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्ही बघत होतात. कसा गेला?"

मी फरशीकडे बघत म्हणाले, "पटकन गेला."

"बघ. चौथी शिकलेल्या बाईला कळतं."

खरं सांगितलं असतं तर माझं काम गेलं असतं. तपासणी पुन्हा करावी लागली, म्हणून आणखी तीन उंदीर मीच काढून दिले. या वेळी साहेबांनी स्वतः टोचलं. मी घड्याळ मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तिघांनी पाच मिनिटांच्या वर वेळ घेतला. शेवटच्यानं पडल्यावर चारदा तोंड उघडलं, ते मी मोजलं. साहेबांचं म्हणणं खरं ठरलं, आणि मुलीला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

संध्याकाळी तळेगाव स्टेशनच्या बाकावर ती माझ्याशेजारी बसली. रडून झालं होतं. तिनं उजवा हात माझ्यासमोर धरला, बोटं ताठ करून.

"मावशी, खरं सांगा. माजा हात थरथरतो का?"

हात जराही हलत नव्हता.

"थोडा थरथरतोय," मी म्हणाले.

तिनं हात डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "मला कसं दिसलं न्हाई," म्हणाली, आणि तो हात तिनं ओढणीत गुंडाळून घेतला.