नवव्या गोलातला चेंडू

गेल्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका चौकात फ्लेक्स चढला तेव्हा, आमच्या मुलींच्या बेसबॉल संघातल्या कॅचरवर अन्याय झाला. तिला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, संघातून काढलं नाही. तिच्या तोंडाच्या जागी चेंडू लावला.

फ्लेक्स नेहमीसारखाच होता. वरच्या अर्ध्या भागात नेते, हात जोडून. त्यांच्या खाली कार्यकर्ते, गॉगल लावून. मग ‘हार्दिक अभिनंदन’. आणि अगदी तळाला, बशीएवढ्या गोलांत, मैदानात उतरून सामना जिंकलेल्या नऊ मुली. म्हणजे आठ मुली. नवव्या गोलात चेंडू. तोही क्रिकेटचा, लाल. बेसबॉलचा चेंडू पांढरा असतो. तो कसा असतो, हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नव्हती.

त्या आठ जणींचे फोटो मी काढलेले होते. मी काही खेळाची फोटोग्राफर नव्हे. मी पत्रकं लिहिते. रस्त्यासाठी, पाण्यासाठी, बंद पडलेल्या एसटीसाठी. पत्रकाला फोटो लागतो म्हणून कॅमेरा हातात धरला. एका लग्नाच्या स्टुडिओतून तो मागून आणायचा आणि मुहूर्त नसेल त्या दिवशीच वापरायचा. मोर्च्यातली माणसं हळू चालतात आणि कॅमेरा दिसला की मूठ वर करतात. लग्नातली माणसं तर उभीच असतात. बेसबॉलमध्ये मात्र कुणी कुणासाठी थांबत नाही. संघाचे सर म्हणाले, पोरींचे फोटो काढायला कुणी येत नाही, तू येशील का, आणि मी गेले.

पहिले काही सामने माझ्या हाती धूळ लागली. खरोखरच धूळ. मैदानाच्या एका टोकाला फुटबॉलवाले, दुसऱ्या टोकाला क्रिकेटवाले, आणि मधल्या उरलेल्या जागेत आमच्या पोरी. बॅट फिरलेली दिसायची तोवर चेंडू गेलेला असायचा. मी बटण दाबायची तेव्हा फोटोत पळणाऱ्या पोरीचा मागचा पाय, नाहीतर मधूनच सायकल घालणारा एखादा काका. दुपार कलली की ऊन नेमकं डोळ्यांत, आणि हेल्मेटच्या पुढच्या पट्टीची सावली प्रत्येकीच्या नाकापर्यंत. हळूहळू अंदाज आला. चेंडू टाकणारी पिचर हात मागं नेते तेव्हा श्वास धरायचा, चेंडू सुटायच्या आत बटण दाबायचं. मग चेहरे मिळू लागले. दात-ओठ खाणारी पिचर मिळाली, घसरत आलेली, अंगभर माती झालेली पोर मिळाली.

कॅचर मिळाली नाही. बॅट धरलेल्या मुलीच्या मागं ती उकिडवी बसते आणि येणारा प्रत्येक चेंडू अंगावर घेते. म्हणून तिच्या तोंडावर लोखंडी जाळी. सगळा संघ तिच्याकडं बघत असतो, खुणा तिच्या, हुकूम तिचा. आणि तिचं तोंड कुणालाच दिसत नाही. तिची फलंदाजी आली की हेल्मेटखाली डोळे गायब. तिचे ढिगानं फोटो काढले मी. सगळ्यांत जाळी.

त्या जाळीला ती मुसकं म्हणायची. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसकं. ती गारगोटीच्या पलीकडच्या एका गावातली, घरी म्हशी, वडील डेअरीला दूध घालणारे. कॉलेजसाठी मंगळवार पेठेत आत्याकडं राहायची. आमच्याकडं पोरीही स्वतःबद्दल बोलताना ‘आलो, गेलो’ असंच बोलतात, तशी तीही. “सर, माझं मुसकं कुठं ठेवलासा? मी आलो.” हे ऐकून बाहेरगावचे संघ हसायचे, आणि मग तिनं दुसऱ्या तळावर, म्हणजे बेसवर, फेकलेला चेंडू बघून गप्प बसायचे.

फ्लेक्स लागला त्याच आठवड्यात तिचे वडील वैरण कापायच्या कुट्टी मशीनचं पातं घ्यायला कोल्हापुरात आले. पोरीचा फोटो चौकात लागलाय, हे त्यांनी गावात सांगितलेलं होतं. म्हणून शेजाऱ्यालाही बरोबर आणलं होतं. दोघं फ्लेक्सखाली उभे राहिले. एकेक गोल बघत शेवटपर्यंत गेले. मग शेजारी म्हणाला, “चेंडूच तुझी पोरगी व्हय रं?”

हे मला नंतर त्या शेजाऱ्यानंच सांगितलं, हसत हसत. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गावात गेल्यावर त्यानं ते आणखी चार जणांना सांगितलं, आणि वडील दूध घालायला आले की डेअरीच्या कट्ट्यावर लोक म्हणू लागले, आला चेंडूचा बाप.

वडील पोरीला एवढंच म्हणाले होते, “खेळतो म्हणतीस. हितं चेंडू हाय. तू कुठं हाईस?” आणि त्याच संध्याकाळच्या एसटीनं तिला गावाकडं घेऊन गेले. पोरगी खोटं बोलते, असं त्यांना वाटलं नसावं. पण ज्याची मुलगी शहरात राहून खेळते, त्या माणसाला गावात बोट दाखवायला काहीतरी लागतं. त्यांच्याकडं ते नव्हतं. असायला पाहिजे होतं, आणि नव्हतं. याला मी अन्याय म्हणते.

मी फ्लेक्सच्या दुकानात गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते. दुकानातल्या माणसानं संगणकावर मला माझेच फोटो दाखवले. म्हणाला, “ताई, तोंडच न्हाय तर लावू काय? गोल मोकळा दिसाय लागला, म्हणून चेंडू टाकला. बरा दिसतोय की.” नेत्यांचा चष्मा चकाकत होता तो पुसायला त्याला अर्धा दिवस लागला होता, हे त्यानंच सांगितलं. एका पोरीचं तोंड कुठाय, हे विचारायला एक फोन लागला असता.

मी चौकातच उभी राहून पत्रकाचा मथळा तयार केला. सरांना वाचून दाखवला. ते शांत माणूस. म्हणाले, “पत्रक वाचून तिचा बाप तिला सोडणार हाय व्हय? फोटो आण.”

सर स्वतः गावाला जाऊन आले. हातकणंगल्याला सामना होता आणि संघाकडं दुसरी कॅचर नव्हती. वडिलांनी त्या एका सामन्यापुरतं कबूल केलं. म्हणाले, मी येतो, बघतो, मग ठरवतो. म्हणजे आता सगळं त्या एका दुपारवर आलं.

सोपा मार्ग होता. सामन्याआधी तिला उभी करायची, मुसकं काखेत धरायला लावायचं, फोटो काढायचा. मी तसं म्हटलंही. ती पायाला पॅड बांधत होती, मान वर न करता म्हणाली, “तसला फोटो आधार कार्डावर हाय की. त्यात मी खेळतोय कुठं?”

मी विचारलं, खेळताना तू हे मुसकं काढतेस तरी कधी?

“चेंडू सरळ वर गेला की. मुसक्यातनं आभाळ दिसत न्हाय. पयला चेंडू हुडकायचा, मग मुसकं लांब फेकायचं. जवळ टाकलं तर आपलाच पाय पडतोय त्याच्यावर.”

हे मी आधी कितीदा तरी पाहिलं होतं, आणि एकदाही टिपलं नव्हतं. कारण चेंडू उंच उडाला की मी कॅमेरा वर न्यायची. आपली सगळ्यांची नजर क्रिकेटवर वाढलेली. झेल म्हटला की मान वर. माझ्या स्टुडिओवाल्याच्या मेमरी कार्डात निळ्या आभाळाचे कितीतरी फोटो होते, मधे एक पांढरा ठिपका. खाली ती तोंड उघडं टाकून धावत असायची आणि मी ठिपक्याच्या मागं.

अजून एक गोष्ट तिनं सांगितली. चेंडू बॅटची कड घेऊन मागं उडाला तर ती मैदानाकडं पाठ फिरवून, चेंडू अडवायला मागं बांधलेल्या जाळीकडं धावते. म्हणजे मी मागच्या जाळीपाशी उभी राहिले तर ती माझ्याकडं तोंड करून येणार. तिथं उभं राहिलं की बाकी वेळ फक्त तिची पाठ दिसते, म्हणून मी ती जागा कायम टाळत आले होते.

हातकणंगल्याच्या मैदानावर मागं जुनी फुटबॉलची जाळी दुहेरी करून बांबूंना बांधली होती. कॅमेरा आपला जाळीचाच धागा स्पष्ट करतो आणि पलीकडची माणसं पुसट. म्हणून त्याचं आपोआप अंतर धरणं मी बंद केलं, ते हातानं लावलं, आणि काच जाळीच्या एका फाटक्या भोकाला टेकवली. सरांना सांगून टाकलं की आज बाकी कुणाचे फोटो मिळणार नाहीत. त्यांनी मान डोलावली.

वडील आणि शेजारी माझ्या डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. वडिलांचा शर्ट इस्त्रीचा होता. शेजारी थोड्या थोड्या वेळानं मला विचारत होता: ताई, ह्यात स्टम्प न्हाईत व्हय? मग आऊट कशानं? ती बॅट टाकून पळाली, मग उचलायची कुणी? मी डोळा न काढता उत्तरं देत होते. वडील एकदाच बोलले, तेही कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच: “बैलाला मुसकं घालत्यात ते पिकात तोंड घालू नये म्हणून. हिला कशाला?” तेवढ्यात एक चेंडू बॅटखालून सुटून तिच्या मुसक्यावर आपटला. ठण्ण आवाज आला. तिनं डोकं झटकलं, चेंडू उचलला, पिचरकडं फेकला आणि पुन्हा बसली. वडील पुढं सरकून बसले. कशाला ते त्यांना कळलं होतं.

डावामागून डाव गेले. माझ्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. दोनदा चेंडू माझ्या तोंडासमोरच जाळीत शिरला आणि मी मागं पडता पडता राहिले. आमच्या फलंदाजीत एक मुलगी तीन तळ पार करून घसरत शेवटच्या, घरच्या तळावर आली, सगळं मैदान ओरडलं. तो फोटो मी काढला नाही. आमचं क्षेत्ररक्षण आलं की समोर फक्त कॅचरची पाठ, पॅडचे पट्टे, घामानं काळा झालेला शर्ट.

शेवटच्या डावात ऊन उतरलं होतं. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज आला, पण तो भरीव नव्हता, कडेचा होता. सगळ्यांच्या माना वर गेल्या. शेजारी म्हणाला, गेला गेला. माझीही मान जाणार होती, सवयच तशी. मी ती धरून ठेवली.

ती उठली. वळली. डोकं मागं टाकून एक क्षण आभाळ हुडकलं. मग उजव्या हातानं मुसकं उपसलं आणि लांब फेकून दिलं आणि माझ्याकडं धावत आली. मी बटण दाबलं. दाबूनच धरलं. मग ती जाळीवर येऊन आदळली, बांबू हलले, कॅमेरा माझ्या कपाळावर आपटला. डोळे उघडले तेव्हा जाळीच्या पलीकडं, हातभर अंतरावर, ती बसली होती आणि चेंडू तिच्या हातमोज्यात होता.

सामना आम्ही हरलो. एका धावेनं. त्यामुळं त्याचा फ्लेक्स लागला नाही.

वडील माझ्याकडं आले. म्हणाले, दाखवा. मी मागच्या छोट्या पडद्यावर दाखवलं. तोंड वर, ओठ उघडे, केस कपाळाला चिकटलेले, डोळे असे की बघणाऱ्यालाच दम लागावा. कडेला, अजून हवेतच, मुसकं. शेजाऱ्यानं मान पुढं घातली आणि विचारलं, “आणि ताई, चेंडू कुठं हाय ह्यात?”

मी म्हटलं, वर असेल, फोटोच्या बाहेर.

वडील म्हणाले, “असू दे. चेंडू बघितलाय आम्ही.”

वडिलांनी फोटो परत एकदा बघितला, मोठा करून मिळंल का ते विचारलं. पोरगी पिशवी भरत होती. ती मुसकं पिशवीत कोंबायला लागली तेव्हा ते तिला म्हणाले, “ते कशाला घरी आणतीस? सरांपाशी ठेव. मंगळवारी सरावाला लागंल न्हवं?” तिनं मुसकं सरांच्या हातात दिलं. माझ्याकडं बघितलंही नाही. मग तिघं स्टॅण्डकडं चालत गेले, आणि शेजारी वाटेत तिला विचारत होता की बॅट टाकून पळतात ती उचलायची कुणी.

तो फोटो आता डेअरीच्या भिंतीवर आहे. वडिलांनीच चिकटवला. ती सरावाला येते.

पण चौकातला फ्लेक्स अजून तिथंच आहे. ऊन खाऊन नेत्यांचे चेहरे पिवळे पडलेत, एक दोरी तुटलीय, नववा गोल तसाच लाल. सरांनी दोनदा सांगितलं, मी चारदा. दुकानवाला म्हणतो लावणाऱ्यांना विचारा, लावणारे म्हणतात नेत्यांचा पुढचा वाढदिवस आला की निघेलच.

तुम्ही त्या चौकातून जात असाल. नसाल तर तुमच्या गावातही असा एक फ्लेक्स असेलच, ज्यात तळाला पोरींचे गोल आहेत. त्याखाली थांबा. गोल मोजा. जिथं तोंड नाही तिथं कोण होती, तिचं नाव काय, ते लावणाऱ्याला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर दोरी सोडा आणि फ्लेक्स खाली उतरवा.