मी मागितलेला आसरा

गुलबर्ग्याला मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकात निर्वासिताची व्याख्या वाचली: छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडणारा. पाऊस फिरकला नाही, विहिरी आटल्या म्हणून घर सोडणाऱ्याचं त्यात नाव नव्हतं. मला रागच आला. आभाळ छळतं तो छळ नव्हे होय?

त्याच उन्हाळ्यात संतपूरकडचे आमचे पाणवठे कोरडे पडले. माझे वडील, आमचे अप्पा, मेंढरं घेऊन हद्दीपलीकडे महाराष्ट्रात निघाले. मीही सोबत गेलो. तिथल्या एका शेतकऱ्याच्या रानात ते दरवर्षी थोडे दिवस मेंढरं बसवायचे. लेंड्यांचं खत त्याला, ज्वारी आणि पाणी आम्हाला. कागद कुठलाच नव्हता, रीत होती. या खेपेस मात्र पाऊस पडेपर्यंत राहायला मिळालं तरच कळप वाचणार होता.

"औंदा जमंल का न्हाई, मामा," शेतकरी म्हणाला. "आता पोत्याचं खत टाकायलोय. हिरीलाबी पाणी कमी हाय."

अप्पा हसले. "पोत्याच्या खतानं रान कडक व्हायलंय, तुमीच म्हणलाव की गेल्या साली. धा दिस बसवून तर बघा."

शेतकरी डोकं खाजवू लागला. घासाघीस सुरू झाली म्हणजे काम होणार, हे अप्पांना ठाऊक होतं. पण मी पडलो अर्ध्या हळकुंडाने पिवळा! मधेच तोंड घातलं, हात जोडले.

"काका, आमी निर्वासितच हाव. गावात प्यायला पाणी न्हाई. दया करा, आसरा द्या."

त्याचा चेहरा पालटला. माणूस भला होता. बायकोला हाक मारून त्याने भाकरी आणि जुन्या कपड्यांचं गाठोडं अप्पांच्या हातात ठेवायला लावलं. मेंढरांना हौदावर पाणी पाजू दिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सकाळी म्होरं निघा, मामा. इतक्या मेंढरांसकट तुमाला कसं ठिवून घ्यावं?" खताचं बोलणं तिथंच राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी अन्नाला नाही म्हटलं नाही.

पाऊस येईपर्यंत निम्मी मेंढरं गेली. त्यावरून अप्पांनी मला कधी बोल लावला नाही. त्या रानातून निघालो त्या सकाळी वाटेत मात्र एवढंच म्हणाले, "तीस वर्सं या रानात मी खत घिऊन आलो, बाबा. काल पयल्यांदा मागून खाल्लं."