चालू दिसण्याची अट

इस्माईल गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच तक्रारीचा चौथा मसुदा लिहीत होतो. करंजाडेच्या रस्त्यालगतच्या गाळ्यात, चालत्या लेथवर माप घेताना त्याची बाही अडकली... पुढचे मी विचारले नाही.

तीस वर्षे तो पंपांच्या दांड्यांवर बसणाऱ्या पितळी बुशी कातत होता आणि दर दहा नगांनंतर लेथ थांबवून माप घेत असे. न्यायालयातल्या कारकुनीतून निवृत्त झालेला मी तिथे चहाला जाई. "या, कायदेपंडित," तो म्हणे, "आज कुणाला नोटीस?" नव्या लेथसाठी त्याने मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून कर्ज घेतले, तेव्हा करार मीच वाचला. लेथला एक काळी डबी जोडली जाईल आणि 'वापराची माहिती' कंपनीला जाईल, हे कलम मला निरुपद्रवी वाटले. "कर सही," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या नावावर नोंदले जावे.

लेथ थांबली एवढेच डबीला कळे. का थांबली ते कळत नसे. माप घेणे, हत्याराला धार लावणे, शुक्रवारची नमाज... सारे 'बंद' या एकाच सदरात जमा झाले. कंपनीकडे त्याची पत घसरली, पितळ घ्यायला तिथूनच मिळणारी उचल निम्मी झाली. अशीच बंद राहिली तर लेथ परत नेऊ, असा संदेश आला. मी पत्रांवर पत्रे लिहिली : कलमाचा हा अर्थ कोणी लावला? सुनावणी कोणी घेतली? उत्तर दर वेळी क्षणार्धात येई, बिनसहीचे : आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

इस्माईलने लेथ थांबवणेच सोडले. "अरे, हात जाईल तुझा!" मी ओरडलो.

"हात गेला तर डबीला कळायचं नाय, साहेब," तो हसला. "लेथ थांबली की लगेच कळतं."

चाळिसावा झाल्यावर मी गाळ्याकडे गेलो. शटर अर्धे खाली, आतून लेथची घरघर. त्याची पत्नी जुबेदाभाभी स्टुलावर बसल्या होत्या. लेथ फिरत होती. तिच्या पकडीत काहीच नव्हते.

"नवा कारागीर येईस्तोवर चालू दिसायला पायजे, भाऊ," त्या म्हणाल्या. "बंद दिसली की उचलून नेतील. मग आमी खायाचं काय?"

कंपनीला मृत्यूची रीतसर सूचना देणारे पत्र माझ्या खिशात होते. आयुष्यभर मी खोट्या नोंदींविरुद्ध लढलो... ते पत्र मी बाहेर काढले नाही. शटर आतून आणखी वीतभर खाली ओढले.

"तुम्ही घरी जा, भाभी," मी म्हणालो. "दुपारची पाळी माझी."