काळूच्या बापाची गाठ

काळू पागधरे १९८५ साली सिल्वासाला आला, तो खाडीचा वाससुद्धा नाही अशा गावी. डहाणूच्या उत्तरेकडचा मांगेला मच्छीमार, चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेला. जवळच्या सायली गावातल्या चाळीत खोली घेतली तेव्हा पहिले आठ दिवस त्याला झोप लागेना. लाटांचा आवाज नव्हता, म्हणून. बायको तानूबाई मात्र तिसऱ्याच दिवशी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बाजारात बसली आणि गुजरातीत भाव करायला लागली. बायकांना कुठेही रुजता येतं, पुरुष मात्र उगाच रुसून बसतात.

रुसायला कारण होतं म्हणा. त्यांच्या घरची डोल होती. समुद्राच्या तळाशी लाकडी खुंट ठोकायचे आणि त्यांना पिशवीसारखं लांब जाळं बांधायचं, ते म्हणजे डोल. भरती-ओहोटी जे आणून घालील ते घ्यायचं. काळूच्या बापाने बारा वाव खोल पाण्यात खुंट ठोकले होते आणि ती जागा सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होती. पुढे ट्रॉलर आले. त्यांचं जाळं एका जागी उभं राहत नाही. जड फळ्या आणि साखळ्या लावून ते तळ खरवडत जातं. दोन-चार वर्षांत बोंबील निम्मा झाला, घोळ मासळी तर नावाला उरली. एका घराचं पोट भागेना. धाकटा भाऊ विश्वनाथ डोल सांभाळायला मागे राहिला, काळू कामाला बाहेर पडला. "दर्या परत भरला का मी आलोच," असं तो भावाला सांगून आला होता, आणि त्याच्या मनात ते पक्कं होतं.

आता नशिबाची थट्टा पाहा. काम मिळालं ते जाळ्यांच्या कारखान्यात! नायलॉनचं सूत, यंत्रावर विणलेलं जाळं, आणि शेवटची जोडणी हाताने. ती जोडणी काळूसारखी कुणाला येत नव्हती. पुण्याहून आलेले राजेंद्र साहेब त्याच्या बोटांकडे बघत उभे राहायचे.

जोडणी संपली की काळू जाळ्याच्या पिशवीच्या तोंडाशी एक गाठ मारायचा. तीन वेढे द्यायचे आणि टोक उलटं आत ओढायचं. ही त्याच्या बापाची गाठ. किनाऱ्यावर प्रत्येक घराची अशी गाठ असते. वादळात जाळं वाहून गेलं आणि परक्याच्या हाती लागलं, तर गाठ बघून तो ते घरी आणून देतो. कारखान्यातल्या जाळ्याला याची काय गरज? काहीच नाही. पण हात ऐकत नव्हता, आणि साहेबांनीही कधी हटकलं नाही.

१९८९ मध्ये साहेब एक तक्रार घेऊन आले. ट्रॉलरवाले म्हणत होते, बारीक कोळंबी जाळ्याच्या भोकांतून निसटते. भोकं लहान केली तर जाळं ओढायला जड होतं. काय करावं?

काळूने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. कारागिराला कुणी अडचण विचारली की त्याची अक्कल धावत सुटते, मन मागे राहतं. "साहेब, आमच्या डोलीच्या शेवटाला बारीक भोकांची पिशवी असते," तो म्हणाला. "तशी आत अस्तरावानी घाला. बाहेरचं जाळं तसंच ऱ्हाऊ द्या. नखाएवढं पण जायाचं नाय."

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. महिन्याभरात अस्तराची जाळी ट्रकमध्ये भरून बंदरांकडे जाऊ लागली. काळू जोडणीखात्याचा मुकादम झाला. तानूबाईने शेजारी पेढे वाटले. त्या दिवशी काळू फार खूश होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पाच वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, विश्वनाथ दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. खांद्यावर गोणी होती. काळू धावतच गेला.

"खुंट गेले, दादा," विश्वनाथ म्हणाला. "एक मोडला, एक मुळासकट उपटला. ट्रॉलरचं जाळं अडाकलं त्यात. ते ओढत बसले, मग दोर कापून गेले."

"आणि डोल?"

"डोल कुठची? चिंध्या झाल्या. त्यांच्या जाळ्याची पिशवी तेवढी दोरांत गुंतून ऱ्हायली, ती आम्ही वर काढली." विश्वनाथ खाली बसला. "चिखल, फुटलेल्या शिंपल्या, रुपयाएवढे खेकडे. बोटभर लांबीच्या घोळी, दादा. बाबाने कधी बोटभर घोळ पाहिली पण नसेल. पोटात अंडी, गाबोळीनं भरलेली मांदेली. समदं कुजलेलं. जे वाढून आपल्याला यायाचं होतं, ते समदं त्यात होतं."

मग त्याने गोणीतून पिशवीचं तोंड बाहेर काढलं आणि भावाच्या हातात दिलं. आतलं बारीक अस्तर तसंच होतं. कडेला तीन वेढे होते आणि टोक उलटं आत ओढलेलं होतं.

"गाठ बघितली म्हणून घरी आणून दिली," विश्वनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काळूला बरं वाटलं असतं.

काळू ती गाठ अंगठ्याने चाचपत राहिला. ती सुटली नव्हती. बापाची गाठ कधी सुटत नाही, याचा त्याला जन्मभर अभिमान होता. त्याला पहिल्यांदा वाटलं की ती सुटली असती तर बरं झालं असतं. तो फाटकाशीच उभ्याउभ्या रडला, आणि जेवायला सुटलेली माणसं त्याला वळसा घालून गेली.

"तुझ्या साहेबाला इचार," थोड्या वेळाने विश्वनाथ म्हणाला, "मला ठेवतो का. मला तरी दुसरं काय येतंय?"

साहेबांनी ठेवलं. पागधऱ्यांचा हात म्हटल्यावर ते नाही कशाला म्हणतील? सोमवारी विश्वनाथ काळूच्या शेजारी बसला आणि संध्याकाळपर्यंत त्याने पहिली पिशवी जोडून काढली. काम सफाईदार होतं. शेवटी कुणी न सांगता त्याच्या बोटांनी तीन वेढे घेतले आणि टोक उलटं आत ओढलं.

काळूने पिशवी आपल्याकडे घेतली. चाकूच्या टोकाने गाठ कापली आणि तिथे कारखान्यात शिकवतात तशी साधी गाठ मारली. विश्वनाथ बघत होता. मग काळूने ती पिशवी बाकीच्या जाळ्यांवर नेऊन ठेवली, आणि सकाळी ती ट्रकमधून बंदराकडे गेली.