आत्याच्या मुलाची अटक

पीएच.डी.साठी मी पोलिसांचा अटकेचा अधिकार हा विषय घेतला आणि पुढं परभणीत एका विधी महाविद्यालयात तोच शिकवत राहिले. नातेवाइकांना यातलं एवढंच कळलं की पोरगी वकील झाली. पूर्णवेळ प्राध्यापकाला कोर्टात उभं राहता येत नाही, हे सांगून सांगून मी थकले.

मागच्या उन्हाळ्यात आत्याचा फोन आला. ती पिंगळीच्या पुढं एका खेड्यात राहते. वरातीत डीजेवरून भांडण झालं, थोडी ढकलाढकली झाली आणि सकाळी पोलिसांनी तिच्या मुलाला उचलून नेलं.

मी ठाण्यात गेले. तिथल्या जमादारांना म्हणाले, "एवढ्याशा गुन्ह्यात नोटीस देऊन बोलवायचं असतं. अटक केली असेल तर कारण लिहावं लागतं. लिहिलंय का?"

"तुमी वकील हाय का?"

"नाही. कायदा शिकवते."

"मग वकील आणा, मॅडम."

मी कलम समजावत राहिले, ते मोबाइल बघत राहिले. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. हा माझ्या तासाला क्वचितच दिसायचा. आता वकिली करतो. त्यानं जमादारांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, चहा घेतला. कायद्याचा शब्दही काढला नाही. थोड्याच वेळात आत्याचा मुलगा बाहेर आला, हातात नोटीस. मी सकाळपासून मागत होते तीच.

मी वकिलाला म्हणाले, "विनाकारण डांबलं, त्याची तक्रार कर."

"मॅडम, मला रोज इथंच यायचंय."

आत्याच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "सुटलो न्हवं ताई? बास झालं."

आत्या वकिलाच्या पाठीवरून हात फिरवत होती. "लय गुणाचं लेकरू हाय," म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "तुज्याच्यानं होत न्हवतं तर आदीच ह्याला बोलवायचं ना, माय."

डोकं सणकलं. घरी आले आणि माझ्याच सहीनं पोलिसांच्या वरिष्ठांकडं तक्रार पाठवली. उत्तर आलं नाही. जमादारांनी मात्र आत्याच्या मुलाला रस्त्यात थांबवून सांगितलं, "तुज्या ताईला समजाव."

आत्यानं मग फोनवर मला चांगलंच सुनावलं. प्राचार्यही बोलावून म्हणाले, "संशोधन उत्तम आहे तुमचं. ते ठाण्यात कशाला नेता?"

दुसऱ्या दिवशी मी स्मरणपत्र पाठवलं. आत्या अजून बोलत नाही.