बोंबलांचं हेल्मेट

आमच्या स्वयंपाकघरातून एकदाच वापरून फेकायचं प्लास्टिक हद्दपार करायची मोहीम मी काढली आणि बायकोने राबवली.

तिचं धोरण सावकाश. या महिन्यात पाण्याच्या बाटल्या बंद, पुढच्या महिन्यात किराण्याच्या पिशव्या. मला एवढा धीर कुठला? मी बोर्ली पंचतनच्या बाजारात मासळीवालीला चारचौघांत सुनावून आलो. "मावशी, तुमच्या या पिशव्यांनी समुद्र भरला!" (टाळ्या पडल्या नाहीत.)

पुढच्याच रविवारी संध्याकाळी म्हसळ्याला मेव्हण्याचा साखरपुडा. सकाळी बायको म्हणाली, "दुकानातून माझं नवं हेल्मेट आणा, आणि येताना बोंबील. डबा न्या हो आठवणीने."

"मला शिकवतेस?" म्हणत मी ऐटीत निघालो. डबा ओट्यावरच राहिला!

हेल्मेट घेतलं, बोंबीलही तोलून झाले, तेव्हा डबा आठवला. मावशीने हळूच काळी पिशवी काढली. "घ्या दादा, कोन बगत न्हाय."

अख्खा बाजार बघत होता! भाजीवाली तर उठून उभी राहिली होती.

"पिशवी नको," मी म्हणालो.

"मंग न्याल कशात? खिशात?"

अब्रूचा प्रश्न होता. मी नवंकोरं हेल्मेट उलटं धरलं. "टाका यात!"

(ओले बोंबील किती पाणी सोडतात हे मला जन्मापासून ठाऊक आहे. नेमकं तेव्हाच आठवलं नाही.)

घरी बायकोने हेल्मेटात डोकावून पाहिलं, बोंबील पातेल्यात ओतले आणि हेल्मेट थेट मोरीत नेलं. साबण झाला, लिंबू झालं, उदबत्तीची धुरी झाली. आता उदबत्ती लावलेल्या बोंबलांचा वास येऊ लागला! शेवटी गजरा सांभाळत तिने माझं हेल्मेट घातलं आणि तिचं माझ्या डोक्यावर दाबलं.

म्हसळ्याला मांडवात सासरे नाक फेंदारून फिरू लागले. "जेवण शाकाहारी सांगितलं होतं ना? मासळी कुठून आली?" त्यांनी आचाऱ्याला धरलं.

"म्या न्हाय केली! इस्वास नसंल तर ह्यो चाललो!" झारा आपटून आचारी खरंच निघाला. पुऱ्या तेलात, मुलीकडचे दारात!

"थांबा हो!" बायको ओरडली. "मासळी नाही ती, आमचे हे आहेत!"

आचारी परतला. मला मांडवाबाहेर खुर्ची मिळाली. फोटोतही बोलावलं नाही.

घरी येताच बायकोने हेल्मेट कचऱ्यात टाकलं.

"अगं, एकदाच तर वापरलंय!"

"म्हणूनच तर तुमच्या मोहिमेत बसतंय," ती म्हणाली.

त्या महिन्यात आमच्या घरातून सगळ्यात जास्त प्लास्टिक बाहेर गेलं. ते मात्र माझं एकट्याचं काम!